'नको' म्हणायची सोय

व्हायवाला एक्स्टर्नल समोर बसले की आपल्यापैकी भल्याभल्यांची वाचा बसते. उत्तर येत असतं, अगदी ओठांवर आलेलं असतं, पण शब्द काही फुटत नाही. सर दोन सेकंद वाट बघतात, "नेक्स्ट" म्हणतात आणि आपल्याला येत नव्हतं असं गृहीत धरून मार्क टाकतात. बाहेर आल्यावर कॉरिडॉरमध्ये जो भेटेल त्याला आपण सांगत सुटतो, "अरे, येत होतं रे मला!"

मित्रहो, ही दोन मिनिटांची घुसमट काही मुलांच्या वाट्याला रोज, दिवसभर येते. त्यांना सगळं कळत असतं, सांगायचंही असतं. बोलता येत नाही एवढंच. त्यातही ही मुलं आजारी पडली तर? समोर एक्स्टर्नलऐवजी सुई घेतलेली सिस्टर असते आणि मार्कांऐवजी पणाला लागतं ते मुलाचं अंग. मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी पाऊस, मैत्री आणि पहिलं प्रेम यांवर भरपूर लिहिलं जातं (वाईट नसतं, उगाच भांडू नका), म्हणून यंदा म्हटलं जरा वेगळा विषय घेऊ. विषयाचं नाव भारदस्त आहे : पूरक आणि पर्यायी संवाद. जगभर त्याला ए.ए.सी. म्हणतात. नावाला घाबरू नका, सबमिशनपेक्षा सोपं आहे.

ज्याचं बोलणं अपुरं पडतं त्याला जोड देणं म्हणजे 'पूरक' आणि ज्याला बोलताच येत नाही त्याला दुसरी वाट करून देणं म्हणजे 'पर्यायी'. ही वाट हातवाऱ्यांची असेल, डोळ्यांच्या इशाऱ्यांची असेल, चित्रांच्या तक्त्याची असेल, नाहीतर बटण दाबल्यावर बोलणाऱ्या यंत्राची असेल. सेरेब्रल पाल्सीमध्ये जन्माच्या आसपास मेंदूला इजा झालेली असते आणि जीभ, ओठ, घसा यांचे स्नायू हुकमात राहत नाहीत. समज मात्र कितीतरी मुलांची शाबूत असते. स्वमग्न मुलांपैकी काहींना तोंडी भाषा फारशी येत नाही. शिवाय तात्पुरते 'मुके' झालेलेही असतात : व्हेंटिलेटरची नळी घशातून गेलेलं मूल कितीही बडबडं असलं तरी त्या दिवसांत एक अक्षर बोलू शकत नाही. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे २० लाख माणसं वाचेच्या अपंगत्वाच्या रकान्यात नोंदली गेली. बोलता न येणारी पण दुसऱ्याच रकान्यात गेलेली मुलं आणखी वेगळी.

मी दौंड तालुक्यातला. माझा रूममेट शिरूरचा. चौफुला-न्हावरे रस्त्याने एकमेकांच्या गावी आमचं जाणं-येणं असतं. आमच्या दोन्ही तालुक्यांत काय नाही? रांजणगावला आणि कुरकुंभला एमआयडीसी आहे, साखर कारखाने आहेत, दौंडचं जंक्शन तर सगळ्यांना ठाऊक आहे (निदान गाडी तिथे का थांबते म्हणून शिव्या घालण्यापुरतं). पण ज्या मुलाला बोलता येत नाही त्याला बोलण्याची दुसरी वाट शिकवणारा माणूस हवा असेल, तर पुणं गाठावं लागतं. म्हणजे एका बाजूला सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. आठवड्यातून एकदा जायचं म्हटलं की एक दिवसाची मजुरी गेली, भाडं गेलं, आणि घरी दुसरं लेकरू असेल तर त्याला कुणाच्या तरी गळ्यात घालायचं. दोन-चार खेपा होतात, मग बंद पडतं. आईवडिलांना दोष देण्यात अर्थ नाही.

माझा एक मावसभाऊ आहे, नऊ वर्षांचा. सेरेब्रल पाल्सी. उजवा हात आखडलेला, पाय साथ देत नाहीत, बोलणं म्हणाल तर दोन-तीन आवाज. पण क्रिकेटचा स्कोअर त्याला माझ्यापेक्षा आधी माहीत असतो. डोळे वर नेले की 'हो', डोळे घट्ट मिटले की 'नाही'. बाकी सगळं डाव्या हाताने : बोट दाखवतो, ओढतो, ढकलतो. ही भाषा मावशीने कुठल्या क्लासला जाऊन शिकलेली नाही. दोघांनी मिळून घरातच घडवली.

मागच्या वर्षी ताप आणि सारखं रडणं म्हणून त्याला शहरातल्या एका खासगी दवाखान्यात ठेवलं होतं. नाव देत नाही, कारण हे कुठेही घडू शकतं. सिस्टरनी सलाईन लावलं ते डाव्या हाताला, आणि सुई हलू नये म्हणून हात फळीला बांधला. त्यांच्या दृष्टीने बरोबरच होतं : उजवा हात आखडलेला, शीर सापडत नाही, डावा सोपा. पण त्या एका पट्टीने त्याचं बोलणंच बांधलं गेलं. दुसऱ्या दिवशी मावशीला घरी जावं लागलं आणि उशाशी मामा बसला. मामा जिवाला जीव देणारा माणूस, पण डोळ्यांची भाषा त्याला येत नव्हती. पोरगं मान आपटत होतं, आणि सगळे म्हणत होते, "घाबरलाय." पोट दुखत असेल या अंदाजाने औषध चालू होतं. तिसऱ्या दिवशी राउंडला आलेल्या दुसऱ्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून बघितलं. कान आतून लालबुंद झाला होता, पू झाला होता. मान का आपटत होता ते तेव्हा कळलं.

आता यात कुणी दुष्ट नव्हतं. डॉक्टर शिकलेले, सिस्टर मायाळू, मामा तर घरचाच. चुकलं असेल तर एवढंच की 'हा कसा बोलतो?' हा प्रश्न केसपेपरवर कुठेच नव्हता. नाव, वय, गाव, वजन, ॲलर्जी, सगळं विचारलं होतं. हे नव्हतं विचारलं.

माझं म्हणणं सगळं या एका ओळीत आहे : बोलता न येणाऱ्या मुलाला दवाखान्यात 'हो', 'नको' आणि 'इथं दुखतंय' हे सांगण्याची सोय असणं ही मेहेरबानी नाही, उपचाराचा भाग आहे. स्टेथोस्कोप जसा आवश्यक, तशीच ही सोय.

आपल्याकडे म्हण आहे, रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. म्हण खरी आहे, पण रडणं ही फार तोकडी भाषा आहे. भूक, भीती, कानदुखी, आईची आठवण, बांधलेला हात या सगळ्यांसाठी एकच शब्द! डॉक्टर लोकांनाही हे ठाऊक आहे, म्हणून त्यांनी मापं तयार केली. १९९७ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या मंडळींनी 'फ्लॅक' नावाची वेदनामापनाची पट्टी प्रसिद्ध केली. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण, एकूण १०. मूल न बोलताही वेदनेचा अंदाज यावा म्हणून. पण माझ्या मावसभावाचे पाय तर एरवीही ताठलेलेच असतात! त्याला हसतानाही 'पाय' या रकान्यात गुण पडतील. म्हणून नंतर या पट्टीची सुधारित आवृत्ती निघाली, आणि तिच्यात आईवडिलांना विचारून त्या-त्या मुलाच्या खास खुणा लिहिण्याची सोय झाली. बघा, मोठमोठ्या तज्ज्ञांची गाडीही शेवटी 'आईला विचारा, मुलाला विचारा' याच स्टेशनात येऊन थांबली.

अमेरिकेतच बोस्टनच्या लहान मुलांच्या रुग्णालयात याच्याही पुढचं पाऊल टाकलं गेलं. जॉन कॉस्टेलो या वाचातज्ज्ञांनी २००० साली त्याबद्दल लिहिलं. ऑपरेशननंतर काही दिवस बोलता येणार नाही असं आधीच माहीत असलेल्या मुलांना ऑपरेशनच्या आधी बसवायचं आणि विचारायचं : शुद्धीवर आल्यावर तुला काय काय म्हणावंसं वाटेल? मुलं ती वाक्यं निवडतात आणि स्वतःच्याच आवाजात यंत्रात भरून ठेवतात. आयसीयूत नळ्या लावलेल्या असताना बटण दाबलं की त्यांचाच आवाज येतो. विचार करा, तिथे ही मुलं फक्त 'पाणी' आणि 'दुखतंय' एवढंच भरत नसणार. 'गप्प बसा जरा' हेही भरत असणार. आपण असतो तर तेच पहिलं भरलं असतं!

इथे कुणीतरी म्हणेल, बोस्टन कुठे आणि आपलं ग्रामीण रुग्णालय कुठे. मान्य. ओपीडीत शंभर माणसं रांगेत असताना, एक डॉक्टर आणि दोन सिस्टर यांनी चित्रं दाखवत बसायचं का? हा आक्षेप मला खरा वाटतो, म्हणून त्याला नीट उत्तर देतो.

यंत्र राहू द्या बाजूला. एक ए-थ्री आकाराचा कागद घ्या. वर मोठ्या अक्षरात आणि चित्रात 'हो', 'नाही', 'नको', 'थांबा'. मधे मुलाची आकृती, पुढून आणि मागून, म्हणजे बोट ठेवून जागा दाखवता येईल. बाजूला हसऱ्यापासून रडक्यापर्यंतचे चेहरे : किती दुखतंय? खाली 'तहान लागली', 'शू', 'शी', 'मळमळतंय', 'थंडी वाजते', 'भीती वाटते', 'आई पाहिजे', 'काय करणार आहात?'. आणि एक चौकोन कधीही विसरायचा नाही : 'मला सांगायचंय ते इथे नाही.' हा चौकोन नसला तर तक्ताच मुलाचं तोंड बांधतो, कारण मग मूल फक्त आपण ठरवलेलंच बोलू शकतं. कागद झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेट करून आणा. खर्च मेसच्या एका रविवारच्या फीस्टपेक्षा कमी. पुसता येतो, लाइट गेली तरी चालतो, चार्जर लागत नाही.

हात चालत नसेल तर? तर मोठ्या माणसाने एकेका चित्रावर बोट ठेवत जायचं आणि मुलाने 'हो' चा इशारा करायचा. इथे घाई चालत नाही. प्रत्येक चित्रावर पाच-दहा सेकंद थांबावं लागतं, कारण या मुलांना इशारा करायलाही वेळ लागतो. नजर स्थिर असेल तर पारदर्शक ॲक्रिलिकच्या शीटवर कडेने चित्रं लावायची, शीट दोघांच्या मधे धरायची आणि मूल कुठे बघतंय ते पलीकडून बघायचं. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर इनपुट डिव्हाइस म्हणजे डोळा, आउटपुट डिव्हाइस म्हणजे समोरचा माणूस.

आणि वेळेचं म्हणाल तर हिशेब करून बघा. तक्त्यावर पाच मिनिटं गेली असती तर तीन दिवसांचं चुकीचं औषध वाचलं असतं. शिवाय हा तक्ता फक्त अपंग मुलांच्या कामाचा नाही. ऊसतोडीच्या हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. आई फडात आणि आजारी लेकराला दवाखान्यात घेऊन आलेली असते त्याची दहा वर्षांची बहीण. रांजणगावच्या कंपन्यांत काम करणाऱ्या परप्रांतीय कामगारांच्या मुलांना मराठी येत नाही, सिस्टरना त्यांची भाषा येत नाही. पक्षाघात झालेल्या आजोबांची वाचा गेलेली असते. या सगळ्यांना तोच तक्ता चालतो. रॅम्प व्हीलचेअरसाठी बांधतात आणि त्यावरून बाळाची गाडीही जाते, मालाची ट्रॉलीही जाते, तसंच हे.

दुसरा आक्षेप घरातून येतो : "चित्रं दाखवायची सवय लागली तर पोरगं बोलायचा प्रयत्नच सोडून देईल." ही भीती जगभरच्या आईबापांना वाटते, आणि मला ती समजते. पण २००६ साली मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून तपासले. ज्यांचा पुरावा भक्कम होता अशा २७ जणांपैकी ८९ टक्के जणांचं तोंडी बोलणं ए.ए.सी. सुरू केल्यावर वाढलं होतं, उरलेल्यांचं होतं तसंच राहिलं, आणि एकाचंही कमी झालं नव्हतं. वाढ बहुतेकदा थोडीशीच होती, हेही त्यांनी लिहून ठेवलंय. पण बोलणं खुंटतं या समजाला आधार मिळाला नाही. पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला डबा बांधला म्हणून तो पोहायचं विसरतो का? उलट डब्यामुळेच तो विहिरीत उतरायचं धाडस करतो.

तिसरा आक्षेप सगळ्यात चिवट : "त्याची आई आहे ना, तिला सगळं कळतं." कळतं, अगदी खरं. पण मुलांच्या अपंगत्वाची पाहणी करण्यासाठी युनिसेफने वॉशिंग्टन ग्रुपबरोबर जी प्रश्नावली केली आहे, तिच्यात मोठ्या मुलांच्या बोलण्याबद्दल दोन वेगवेगळे प्रश्न आहेत. मुलाचं बोलणं घरातल्यांना समजतं का? आणि घराबाहेरच्यांना समजतं का? दवाखाना हा घराबाहेर असतो. ज्या दिवशी आई नसते, तीच आजारी पडते, किंवा जे सांगायचंय ते नेमकं आईसमोर सांगता येण्यासारखं नसतं, त्या दिवशी मुलाने काय करायचं? अशा मुलाला कुणी त्रास दिला तर ते कुणाला आणि कसं सांगणार? तक्त्याची खरी गरज तिथे लागते, आणि म्हणूनच शरीराच्या सगळ्या भागांची चित्रं त्यावर संकोच न करता असली पाहिजेत.

एक सावधगिरी मात्र हवी. जगात काही ठिकाणी अशीही पद्धत निघाली की मोठ्या माणसाने मुलाचा हात धरायचा आणि मूल अक्षरं टाइप करतंय असं म्हणायचं. १९९० च्या दशकात नीट चाचण्या घेतल्यावर दिसलं की शब्द मुलाचे नसून हात धरणाऱ्याचेच होते. अमेरिकेतल्या वाचातज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली पुन्हा एकदा बजावलं की ही पद्धत वापरू नका. तेव्हा नियम साधा : आपण तक्ता धरायचा, मुलाचा हात नाही. उत्तर त्याचंच असलं पाहिजे, मग ते आपल्याला गैरसोयीचं का असेना.

आता आपल्या गल्लीतला विषय, म्हणजे इंजिनिअरिंग. या क्षेत्रात आपल्या लोकांनी काय काय केलंय ते बघा. स्टीफन हॉकिंगचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. १९८५ साली घशाला छिद्र पाडावं लागलं आणि त्यांचा आवाज गेला. सुरुवातीला कुणीतरी अक्षरांच्या कार्डावर बोट फिरवायचं आणि योग्य अक्षर आलं की ते भुवया उंचवायचे. म्हणजे जगातल्या एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञानेही सुरुवात केली ती कागदाच्या तक्त्यानेच! मग वॉल्ट वोल्टोझ या इंजिनिअरचा प्रोग्रॅम आला. स्क्रीनवर शब्द सरकत जायचे आणि हातातलं एक बटण दाबून ते निवडायचे. पुढे हातही गेला, तेव्हा गालाच्या हालचालीवर काम चाललं.

आपल्या देशात आयआयटी मद्रासमधून इंजिनिअर झालेल्या अजित नारायणन यांनी चेन्नईच्या विद्यासागर संस्थेतल्या मुलांबरोबर काम करत २०१० च्या सुमारास 'आवाज' हे बोलकं यंत्र आणलं. परदेशी यंत्रांची किंमत तेव्हा लाखांत होती. पुढे ते यंत्र ॲप झालं. आयआयटी मुंबईच्या आयडीसीत प्रा. रवी पूवय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'जेलो' केलं. चित्रावर बोट ठेवलं की ते बोलतं, मराठीतही बोलतं, आणि फुकट आहे. स्पेनमधल्या अरागॉन प्रांताच्या सरकारने 'आरासाक' नावाचा हजारो चित्रांचा संच विनामूल्य खुला ठेवलाय. धंदा न करता वापरायला मोकळीक आहे.

मग आपल्याला करायला काय उरलं? भरपूर. पहिलं म्हणजे भाषा. इंग्रजीत 'आय', 'वॉन्ट', 'वॉटर' अशी तीन चित्रं ओळीने दाबली की वाक्य तयार. मराठीत? 'मी पाणी पितो' की 'पिते'? 'मला भूक लागली', पण 'मला ताप आला'. चित्रं तीच, पण क्रियापद लिंगाप्रमाणे, वचनाप्रमाणे, काळाप्रमाणे रूप बदलतं. 'दादा'चं 'दादाला', 'घर'चं 'घरी' होतं. चित्रांच्या रांगेतून बिनचूक मराठी वाक्य तयार करणं हा कॉम्प्युटरवाल्यांसाठी चांगला वर्षभराचा प्रोजेक्ट आहे. लिहिता येणाऱ्या मुलांसाठी देवनागरीचा कीबोर्ड हा आणखी एक प्रश्न. एका बटणावर स्कॅन करत काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर यांतून जायचं तर 'दुखतंय' लिहीपर्यंत दुखणं थांबेल! अक्षरांची मांडणी कशी केली तर सगळ्यात कमी वेळा बटण दाबावं लागेल? ऑप्टिमायझेशनचा पेपर आपण लिहितोच, इथे तो कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

दुसरं, शब्द. रोजच्या बोलण्यातला मोठा भाग थोड्याशा नेहमीच्या शब्दांनीच व्यापलेला असतो, असं या क्षेत्रातले लोक सांगतात. हे, ते, दे, नको, अजून, बास, इथं, थांब, कुठं, माझं. पण तयार संचात सँडविच असतं आणि भाकरी नसते, स्कूल बस असते आणि एस.टी. नसते. आमच्या गावच्या पोराच्या तक्त्यावर कालवण, वासरू, बांध आणि विहीर नको का? तिसरं, हार्डवेअर. एक मोठं, मजबूत बटण, जे कोपराने, डोक्याने, पायाच्या अंगठ्याने दाबता येईल, लाळ पडली तरी बिघडणार नाही आणि व्हीलचेअरला क्लॅम्प होईल. सर्किट फर्स्ट इयरचं आहे. अवघड आहे ते त्या मुलाच्या घरी चार वेळा जाऊन जागा, उंची, जोर बदलत राहणं. आपले प्रोजेक्ट्स इथेच गचकतात. मॉडेल एक्झिबिशनमध्ये टाळ्या घेतं आणि मग लॅबच्या कपाटात जातं. ज्या मुलासाठी केलं त्याने ते एकदाही दाबलेलं नसतं.

आणि हे काम आमच्या भागाला परकं आहे असंही समजू नका. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या काळात तिथल्या अंध मुलींना ब्रेल शिकवलं जात होतं, आणि त्यात रमाबाईंच्या कन्या मनोरमा यांचा मोठा वाटा होता. डोळ्यांनी वाचता येत नाही तर बोटांनी वाचा, ही दुसरी वाट दुष्काळ आणि प्लेगच्या दिवसांत आमच्या तालुक्यात पोचली होती. शिरूर तालुक्यातल्या वढूला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण आरोग्याचं काम आहे. २००२ पासून तिथे शिरूर आणि हवेलीतल्या २२ गावांमधले जन्म, मृत्यू, स्थलांतर घरोघर जाऊन पद्धतशीर नोंदवलं जातं. गावपातळीवर चिकाटीने माहिती गोळा करता येते, हे आमच्या मातीत सिद्ध झालेलं आहे. आणि मुंबईच्या मालिनी चिब यांचं नाव ऐकलं नसेल तर ऐका. सेरेब्रल पाल्सी असलेल्या या बाई एका बोटाने टाइप करून, बोलक्या यंत्राच्या मदतीने संवाद करतात. लंडनमधून त्यांनी दोन मास्टर्स केल्या आणि 'वन लिटल फिंगर' हे आत्मचरित्र लिहिलं. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत अशा मुलांसाठी संस्था काढली होती. मालिनीताईंना दुसरी वाट मिळाली, कारण घरात शिक्षण होतं आणि परदेशी जाण्याची ऐपत होती. भीमाकाठच्या पोराला ती मिळायची तर सरकारी यंत्रणेतूनच मिळायला हवी.

यंत्रणा कागदावर आहे, हेही सांगितलं पाहिजे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणं अपेक्षित आहे, आणि तपासायच्या यादीत भाषेचा विकास मागे पडणं हेही आहे. म्हणजे मूल सापडतं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तर याच्याही पुढे जातो. त्याच्या व्याख्येत 'संवाद' म्हणजे फक्त बोलणं-लिहिणं नाही. ब्रेल, खुणांची भाषा यांच्याबरोबर पूरक आणि पर्यायी पद्धतींचं नाव तिथे स्पष्ट घेतलेलं आहे. सरकारी आणि खासगी दवाखान्यांचा प्रत्येक भाग अडथळाविरहित असावा असंही तोच कायदा म्हणतो. अडथळा म्हटलं की आपल्याला पायऱ्याच दिसतात. भाषेचीही पायरी असते, आणि तिला अजून रॅम्प नाही.

आता मुद्द्याच्या गोष्टी, कारण नुसता लेख लिहून टाळ्या घेणं मलाही आवडत नाही. एक : दोन्ही तालुक्यांतल्या सरकारी दवाखान्यांत आणि आरोग्य केंद्रांत वर सांगितलेला तक्ता असावा, आणि केसपेपरवर एक ओळ वाढवावी : 'मूल कसं बोलतं? हो म्हणजे काय, नाही म्हणजे काय? बोलायचा हात कोणता?' सलाईन लावण्याआधी ही ओळ वाचली जावी. दोन : रासेयोचं हिवाळी शिबिर दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात होतं. रस्ता झाडणं, झाडं लावणं चालू राहू दे, पण या वेळी आशाताई आणि अंगणवाडीताई यांच्याबरोबर बसून त्या गावच्या बोलीतला तक्ता करू. प्रोग्रॅम ऑफिसर सरांना ही जाहीर विनंती समजावी. तीन : फायनल इयरचे दोन ग्रुप तरी पुढच्या वर्षी या विषयावर प्रोजेक्ट घेवोत, आणि गाइड सरांनी मार्क देताना एकच विचारावं : ज्या मुलासाठी केलं, ते मूल हे वापरतंय का?

मावसभावासाठी आम्ही एक तक्ता केलाय. त्यावर पहिला चौकोन 'नको' चा आहे, आणि सध्या तो दिवसातून पन्नास वेळा त्यावरच बोट ठेवतो : अभ्यास नको, दूध नको, औषध तर नकोच नको. मावशी वैतागली आहे. मी तिला म्हटलं, मावशे, नऊ वर्षांचं साठलेलं आहे, जरा वेळ लागेल.

येत्या रविवारी जेवणानंतर, मेसच्या मागच्या हॉलमध्ये पहिल्या पाच तक्त्यांचं काम सुरू करतोय. शिरूरच्या रूममेटने स्केचपेन आणायचं कबूल केलंय. चित्रकला येत नसली तरी चालेल, कात्री धरणारेही लागतात. मराठीत शुद्धलेखन बरं असलेला एक जण मात्र नक्की हवा.